तेरावा चेंडू

क्रिकेट संघाचा करार मिळाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पहिल्याच मोसमात, एका सामन्याच्या आदल्या संध्याकाळी प्रशिक्षक म्हणाले, "उद्या तू खेळतेस." रात्रभर डोक्यात वेगवान गोलंदाज झूलन गोस्वामी होत्या. २००२ मध्ये त्यांनी भारताकडून पदार्पण केलं तेव्हा त्याही एकोणीस वर्षांच्याच होत्या. हा मी शुभशकुन मानला होता.

कंबर दुखत होती, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

दोन आठवडे झाले होते. चेंडू सोडताना पुढचा पाय आदळला की कमरेत खाली, डाव्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी कळ यायची. उठल्या-बसल्यावर काही नाही, धावताना काही नाही. त्यामुळे स्नायू आखडला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

सामन्याच्या सकाळी सरावात चौथाच चेंडू पूर्ण वेगाने टाकला आणि मी थांबले. बुटाची नाडी बांधायचं निमित्त केलं. आमच्या संघातली सर्वांत अनुभवी वेगवान गोलंदाज शेजारच्या विकेटवर होती. तिला आम्ही सगळ्या ताईच म्हणतो. ती जवळ आली आणि हळू आवाजात विचारलं, "डावीकडे ना?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हिला बाजूसुद्धा कशी कळली? ती म्हणाली, "उजव्या हाताने टाकणाऱ्यांचं मणक्याचं हाड बहुतेक डावीकडेच मोडतं. माझा एक अख्खा मोसम त्यात गेलाय. चल, फिजिओकडे. आत्ता."

"ताई, आज माझा पहिला सामना आहे गं."

"माहितीये," एवढंच म्हणाली आणि माझ्या हातातला चेंडू घेतला.

फिजिओने मला डाव्या पायावर उभं राहून मागे वाकायला सांगितलं. वाकले आणि तीच कळ. एवढ्यावरून निदान होत नाही, एमआरआय करावाच लागेल, पण आज खेळायचं नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. मग वही काढून बसली. गेल्या चार आठवड्यांत किती चेंडू टाकलेस? मला फक्त षटकं आठवत होती, तीही सामन्यांतली. नेट्समधले चेंडू? शिबिरात स्वतःला सिद्ध करायचं म्हणून सलग चार दिवस टाकलेले? वेग वाढावा म्हणून संध्याकाळी मुलांबरोबर त्यांच्या चेंडूने केलेला सराव? आमचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, त्यांचा १५६ च्या आसपास सुरू होतो. तिने सगळं मांडलं. करारापूर्वी आठवड्याला जेवढे टाकत होते, त्याच्या जवळपास तिप्पट झाले होते. कमरेचे मणके विशीच्या मध्यापर्यंत पुरते पक्के होत नाहीत आणि भार असा एकदम वाढला, तर हाडाला सावरायला उसंत मिळत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी सांगितलं.

पुढचा प्रश्न होता, "पाळी नियमित येते?"

चार महिने आली नव्हती. प्रवास आणि सामने चालू असताना बरंच झालं, असं मला वाटत होतं. फिजिओने पेन खाली ठेवलं. व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी थांबवतं, आणि पाळी थांबवणारी ती कमतरता हाडंही कमकुवत करते. 'फिट' दिसायचं म्हणून मी रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं होतं. हा प्रश्न मला तोवर एकाही प्रशिक्षकाने विचारला नव्हता, याचा राग मला अजूनही येतो. कोवळ्या वयात वेगवान गोलंदाजी करणाऱ्या प्रत्येक मुलीला तो विचारायलाच हवा.

माझ्या जागी दुसऱ्या मुलीला पदार्पणाची टोपी मिळाली. मी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या, आणि मग ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडले.

एमआरआयमध्ये हाडाच्या आत सूज दिसली. चीर पडलेली नव्हती. अजून थोडे दिवस रेटलं असतं तर पडली असती, असं डॉक्टर म्हणाले. चार महिने गोलंदाजी बंद. करार वर्षाचाच होता, त्यामुळे पोटात गोळा आला. ताई रोज संध्याकाळी माझ्यासोबत जेवायला बसायची आणि ताट रिकामं होईपर्यंत उठायची नाही. तिसऱ्या महिन्यात पाळी आली, तेव्हा मी आधी तिलाच फोन केला. त्या दिवसांत झूलन यांचा दुसरा आकडा मला जास्त आठवायचा. त्या निवृत्त झाल्या २०२२ मध्ये. पदार्पणानंतर वीस वर्षांनी.

पाचव्या महिन्यात नेट्समध्ये परतले. रन-अप नाही, जागेवरूनच टाकायचं, अर्ध्या वेगाने. बारा चेंडू. फिजिओ बाजूला उभी राहून मोजत होती. बारावा अगदी हवा तिथे, ऑफ स्टंपच्या माथ्यावर गेला. कळ नव्हती. मी तेरावा चेंडू उचलला, तेव्हा तिने काही न बोलता हात पुढे केला. मी तो तिच्या हातावर ठेवला.