परीक्षा घेणाऱ्याची परीक्षा

यंत्रमानवाची गोष्ट वाचताना बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो: या यंत्राला मन आहे का? माझ्या मते या परंपरेतल्या सर्वोत्तम कलाकृतींना त्याहून अवघड प्रश्न पडलेला असतो, तो म्हणजे ही परीक्षा घेण्याचा अधिकार कोणाला आणि कशाच्या बळावर मिळाला.

फिलिप के. डिक यांची १९६८ साली प्रसिद्ध झालेली ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ ही कादंबरी त्यासाठीच मी पुन्हा पुन्हा वाचतो. महायुद्धानंतरच्या किरणोत्सारी धुळीने बहुतेक प्राणी नामशेष झालेल्या जगात, मंगळावरून पळून आलेल्या अँड्रॉइडांना, म्हणजे हुबेहूब माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्रमानवांना, हुडकून ठार करणे हे रिक डेकार्डचे काम आहे. संशयिताच्या गालावर एक चकती चिकटवायची, डोळ्यावर प्रकाशाचा बारीक झोत सोडायचा आणि विचारायचे: वाढदिवसाला कोणी वासराच्या कातड्याचे पाकीट दिले तर? लहान मुलाने मारून जमवलेली फुलपाखरे दाखवली तर? गालातल्या केशवाहिन्यांत रक्त किती चटकन धावले आणि डोळ्याचे स्नायू किती ताणले गेले, यावरून समोर माणूस आहे की यंत्र हे ठरते, आणि यंत्र ठरले तर मारणाऱ्याला एक हजार डॉलर मिळतात. त्या कमाईच्या जोरावर डेकार्ड एक खरी, जिवंत शेळी घरी आणतो. प्राण्यांविषयीच्या कळवळ्यावर माणुसकी मोजणाऱ्या त्याच्या समाजाला या व्यवहारात काहीही वावगे वाटत नाही. धुळीमुळे बुद्धी मंदावलेल्या माणसांना तोच समाज हिणवतो आणि पृथ्वी सोडून जाण्याचीही परवानगी देत नाही.

नागपुरात राहणाऱ्या वाचकाला हे चित्र परके वाटू नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की आमच्याकडे गच्चीगच्चीवर पाखरांसाठी पाण्याची मातीची भांडी ठेवली जातात, आणि ती मनापासून ठेवली जातात. पण त्यांतल्याच काही इमारतींत भर दुपारी पार्सल घेऊन आलेल्या मुलाला लिफ्ट वापरू देत नाहीत. याची मुळे फार खोल आहेत. महाडच्या चवदार तळ्यावर गुरांना मुभा होती आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना मनाई होती, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तिथे पाणी पिऊन माणूसपणाचा हक्क बजावावा लागला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात धम्मदीक्षा घेणाऱ्या बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, करुणा माणसांपुरती असते आणि मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाते, असे मांडले आहे. मैत्रीचे वर्तुळ माणसाला सामावून घेऊन पुढे विस्तारते. डिक यांच्या जगातला जिव्हाळा मात्र जनावरांपर्यंत पोहोचताना वाटेतली माणसे ओलांडून गेला आहे.

असे असूनही डिक अँड्रॉइडांना निरागस ठरवत नाहीत, आणि त्यांच्या या प्रामाणिकपणाचे मला मोल वाटते. जिवंत कोळी दिसणेही दुर्मीळ झालेल्या त्या जगात प्रिस नावाची अँड्रॉइड, तो कमी पायांवर चालू शकेल का हे पाहण्यासाठी, लहानशा कात्रीने त्याचा एकेक पाय कापते. तिला आसरा देणारा इसिडोर, ज्याला जगाने मंदबुद्धी म्हणून टाकून दिले आहे, तोच शेवटी त्या कोळ्याला पाण्यात बुडवून त्याचे हाल संपवतो. उलट फिल रेश हा शिकारी परीक्षेत माणूस ठरतो, आणि तरीही अँड्रॉइड गायिका लुबा लुफ्टला ठार करताना त्याचा हात अडखळत नाही. तिला आवडलेल्या मुंकच्या चित्राची छापील प्रत असलेले पुस्तक डेकार्डने नुकतेच स्वतःच्या पैशाने घेऊन दिलेले असते. हा प्रसंग मला कधीच घाईने वाचता आला नाही. त्यानंतर डेकार्ड तेच उपकरण स्वतःला लावून घेतो, आणि अँड्रॉइड स्त्रीविषयी आपल्याला सहानुभूती वाटते हे त्याला यंत्राच्या काट्यावर दिसते. ज्या मोजमापाच्या आधारावर त्याची नोकरी उभी आहे, तेच आता त्याच्या विरोधात साक्ष देते.

कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकात तर उपकरणही लागत नाही. शेवटचा उरलेला माणूस अल्क्विस्ट हा हेलेना या यंत्रमानव स्त्रीला चिरून पाहण्याची भाषा करतो तेव्हा प्रायमस हा दुसरा यंत्रमानव तिच्या आड येतो, आणि प्रायमसवर पाळी येताच हेलेना स्वतःला पुढे करते.

मराठीत मला अशी यंत्रमानवकथा वाचायची आहे, जिच्यात प्रश्नावली खुर्चीत बसवलेल्या संशयिताच्या हाती असेल आणि गालावर चकती प्रश्न विचारायला आलेल्याच्या चिकटवलेली असेल. तिच्यातला पहिला प्रश्न पाण्याविषयी असावा.