पस्तीस कुठून आले?

"सर, कॉपी म्हणावी तर पोरं चार कोपऱ्यांत बसलेली होती. तरी नऊ जणांचं उत्तर एकच. तेही चुकीचं."

सप्टेंबरच्या अखेरीस एका शाळेतल्या मॅडमचा आलेला हा फोन. शाळा बालाघाटच्या डोंगरातल्या एका वस्तीवरची, पहिली ते पाचवी, पट ५४, शिक्षक दोन. गटसाधन केंद्रातून आम्ही तिसरीसाठी वजाबाकीचा एक पेपर काढून सगळ्या शाळांना पाठवला होता. त्यातल्या ४२ − १७ चं उत्तर तिसरीतल्या १९ पैकी ९ मुलांनी ३५ लिहिलं होतं. मॅडम दोन आठवडे रोज हातचाच शिकवत होत्या, तरी हे.

मी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात गणिताचा विषय साधनव्यक्ती आहे, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतला करारावरचा माणूस. शाळेच्या वर केंद्रशाळा, तिच्या वर गटसाधन केंद्र, जिल्ह्याला डाएट म्हणजे शिक्षक-प्रशिक्षण संस्था आणि पुण्याला एससीईआरटी ही राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, अशी ही उतरंड. केंद्रशाळा १९९४ साली आल्या तेव्हा साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख असा हिशेब होता. आता आमच्याकडे एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-दोन केंद्रांचा पदभार असतो. आमचं काम कागदावर चांगलं दिसतं : प्रशिक्षण, शाळाभेटी, नमुना पाठ, साहित्य, महिन्याची शिक्षण परिषद. पण आठवड्यातले निम्मे दिवस 'माहिती तात्काळ सादर करावी' यातच जातात. त्यामुळे शिक्षकाने स्वतःहून, तेही एका गणितासाठी बोलावणं तसं दुर्मीळच. मी दुसऱ्याच दिवशी निघालो.

शाळेत पोचलो तर दुसरे सर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामावर गेलेले. पाचही वर्ग मॅडमकडे. त्यांनी मला गुणांचा तक्ता दिला. तो बाजूला ठेवून मी उत्तरपत्रिका मागितल्या. गुणांवरून किती चुकलं ते कळतं, काय चुकलं ते कळत नाही. चटईवर बसून पत्रिकांचे ढीग केले, गुणांप्रमाणे नाही, ४२ − १७ च्या उत्तराप्रमाणे. बरोबर २५ लिहिणारे पाच, ३५ लिहिणारे नऊ, ७ लिहिणारे तीन. एकाने ५९ लिहिले होते, म्हणजे सरळ बेरीज केली होती. एकाने मांडणी करून सोडून दिलं होतं.

आधी ३५ वाल्या दोघांना जवळ बोलावलं आणि एवढंच सांगितलं : पुन्हा कर आणि करताना मोठ्याने बोल. इथे मध्ये तोंड घालायचं नाही, 'अस्सं, मग?' याच्यापुढे जायचं नाही. पहिली मुलगी म्हणाली, "दोनातून सात जात न्हाईत. मंग सातातून दोन काढले, पाच. चारातून एक, तीन." उत्तर ३५. दुसरा मुलगा म्हणाला, "दोनातून सात जात नाहीत, हातचा घेतला, बारा. बारातून सात, पाच. चारातून एक, तीन." उत्तर ३५.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी पेपराकडे. पहिलीला हातच्याची गरजच माहीत नाही. लहान अंक मोठ्यातून काढायचा, वर असो की खाली, एवढंच तिचं गणित. दुसऱ्याला हातचा येतो, फक्त ज्याच्याकडून घेतला त्या चाराचे तीन करायचं राहून जातं. दुखणी दोन आणि ताप एकच. ताप एकच दिसला म्हणून मॅडमनी सगळ्यांना एकच औषध दिलं होतं.

आणि ताप एकच दिसावा अशी सोय आम्हीच करून ठेवली होती. वजाबाकीत खालचा एकक वरच्या एककापेक्षा बरोबर पाचाने मोठा असेल, तर या दोन्ही चुकांचं उत्तर एकच येतं. दोन आणि सातात पाचाचा फरक. उलटं काढलं तरी पाच, बारातून सात काढले तरी पाच. पेपरात हातच्याची चार गणितं होती : ४२ − १७, ८१ − ३६, ६३ − २८ आणि ५० − २६. पहिल्या तिन्हींत हाच पाचाचा फरक. चौथ्यात शून्य, आणि तिथली चूक सगळे शून्याच्या नावावर खपवतात. पेपर मीच काढला होता, हाताला येतील त्या संख्या घेऊन. तसं मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

मग फळ्यावर ४३ − १७ लिहिलं. इथे फरक चाराचा आहे, त्यामुळे चुका वेगळ्या पडतात : उलटं काढणाऱ्याचं ३४, दशक कमी न करणाऱ्याचं ३६, बरोबर उत्तर २६. नऊ पाट्या वर झाल्या. पाच जणांचे ३४, तिघांचे ३६, एकाचे चक्क २६. त्याची आधीची चूक घाईतली असावी. खातरजमेला ६१ − २८ दिलं. तिथे ४७ आणि ४३ असे तेच दोन गट पुन्हा वेगळे झाले. उत्तर होतं ३३.

३४ वाल्या पाच जणांना वही बंद करायला लावली. गणितपेटीतल्या काड्या मागितल्या तर पेटी कपाटात, सीलसकट. जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत नोंद आहे, दोन काड्या हरवल्या तर कोण जबाबदार, ही भीती मॅडमची एकटीची नाही. निम्म्या शाळांत हेच. मग खराट्याच्या काड्या घेतल्या, वीतभर मोडून. दहाची एक जुडी करायची, हिला काय म्हणायचं? मॅडम म्हणाल्या 'दशक'. एक पोरगा म्हणाला 'मोळी'. या वस्तीवरची बहुतेक घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. मोळी कशी बांधायची हे त्या पोरांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मोळी ठरली. त्यातल्याच एकाने हरकतही घेतली, "सर, मोळीत ऊस मोजून कोण बांधतंय?" रास्त आहे. म्हटलं, आपल्या कारखान्यावर दहाचीच मोळी घेतात.

शिक्षक नेहमी अडखळतात अशा दोन जागा इथे आहेत. पहिली, काड्यांनी ४३ ही मांडायचे आणि १७ ही मांडायचे ही. असं केलं की मुलासमोर साठ काड्या होतात आणि वजाबाकीची बेरीज होते. समोर फक्त ४३ ठेवायचे, चार मोळ्या आणि तीन सुट्या. सतरा हे मागणं आहे, ते तोंडीच करायचं : "मला सतरा दे." दुसरी जागा गाठीची. रबर घट्ट बसतं, दहा वर्षांच्या खालच्या बोटांना निघत नाही, आणि मोळी सुटली नाही तर सगळा धडाच अडकतो. म्हणून चिंधी आणि सुरगाठ. निरगाठ मारलेली एक मोळी पोरांनी दातांनी सोडवली.

"सतरा दे." मुलीने एक मोळी दिली, तीन सुट्या दिल्या आणि थांबली. अजून चार हव्यात. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, स्वतःच्या तीन मोळ्यांकडे पाहिलं. या क्षणी बोलायचा मोह होतो, मॅडमनाही झाला, मी मान हलवली. पंधरा-वीस सेकंद गेली असतील. मग तिने एका मोळीची गाठ ओढली. चार काड्या माझ्याकडे आल्या, तिच्याकडे दोन मोळ्या आणि सहा सुट्या उरल्या. "सव्वीस," ती म्हणाली, आणि लगेच, "पर पाटीवर चौतीस आल्तं." दोन्ही खरं कसं असेल, हा प्रश्न तिच्याच तोंडून आला. शिकवणं इथून पुढे सोपं असतं. मॅडमना एकच विनंती केली : या पाच जणांना तीन-चार दिवस कागद नाही. मग मोळी सोडली की त्याच क्षणी ती वहीत लिहायची, ४ खोडून ३ आणि सुट्या तीनांचे तेरा. हात आणि पेन्सिल बरोबरीने चालले पाहिजेत. आधी काड्या मग नियम असं केलं की पोरं काड्यांचं गणित वेगळं आणि वहीचं वेगळं समजतात.

३६ वाल्या तिघांना काड्यांची गरज नव्हती. त्यांच्या लिहिण्याचा क्रम फिरवला. ही मुलं आधी एककावर १३ करतात, मग तेरातून सात काढण्याच्या नादात चार तसाच राहतो. आता आधी ४ खोडून ३ लिहायचे, त्यानंतरच तेरा. जोडीला ताळा : ३६ आणि १७ मिळवून बघ, ५३ येतात, पाहिजेत ४३. एक दशक जास्त आलंय हे त्यांचं त्यांना दिसलं. दहा मिनिटांचं काम, आणि दोन आठवडे त्यात गेले होते.

राहिले ७ वाले तिघं. मला सर्वांत जास्त वाईट यांच्याबद्दल वाटलं. गणितं तोंडी सांगायची होती, फळ्यावर लिहायची नव्हती. 'बेचाळीस' ऐकून या तिघांनी २४ लिहिलं. २४ − १७ = ७. हातचा घेतला, दशक कमी केलं, सगळं बिनचूक. वर्गात वजाबाकी पक्की असलेल्यांत ही तिघं, आणि गुण शून्य.

मराठीत बेचाळीस म्हणताना दोन आधी ऐकू येतात, चाळीस नंतर; लिहिताना उलटं. 'एकोण'वाल्या आठ संख्यांचा जाच वेगळाच. एकोणचाळीस ऐकून मूल ४९ लिहितं, कारण चाळीस ऐकू येतात, त्यातला एक उणा ऐकू येत नाही. शेजारच्या कन्नडमध्ये आणि तेलुगूत आधी दशक बोलतात, त्या मुलांना हा अडथळा नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी ती पद्धत मुलांच्या बाजूने समजावून सांगितली, पण टिंगलीच्या आवाजात ते फारसं कोणी ऐकलं नाही. माझं मत विचाराल तर बेचाळीस सोडायची गरज नाही. बेचाळीस म्हणा, पाठोपाठ 'चाळीस दोन' म्हणा, आणि समोर कार्डं ठेवा : ४० चं कार्ड, त्याच्या शून्यावर २ चं कार्ड. दोन महिन्यांत 'चाळीस दोन' आपोआप गळून पडतं. मॅडम थोड्या साशंक होत्या. पालक विचारतील, म्हणाल्या. विचारतील हे खरंच आहे.

या सगळ्यात फोन पाचदा वाजला. दुपारी तीनपर्यंत एक्सेल हवी होती, तीही गेल्या महिन्यात दिलेली, फक्त रकाने बदललेली. निपुण भारत या वाचन-गणिताचा पाया पक्का करण्याच्या केंद्राच्या कार्यक्रमाच्या उद्दिष्टांत दुसरीअखेर ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी आहे, आणि एक्सेलमध्ये ती किती मुलांना येते याचा एक आकडा भरायचा असतो. या शाळेसाठी ५ भरू की ८? सात वाल्यांना वजाबाकी येते की नाही? तसा रकाना नाही. पाच भरले.

निघण्यापूर्वी लॉगबुक. 'वर्गास भेट दिली, मार्गदर्शन केले' या शेऱ्याचा पुढे येणाऱ्याला काडीचा उपयोग नसतो. तीन गट, प्रत्येकाची चूक, त्यावर ठरलेला उपाय आणि पुन्हा कधी पाहायचं ते लिहिलं. मॅडम एकट्या असताना हे जमायचं कसं, तेही ठरवलं : चौथी-पाचवीला लेखी काम लावून पहिली वीस मिनिटं मोळीवाल्यांना, ३६ वाल्यांनी एकमेकांचे ताळे तपासायचे, आणि पाचवीतल्या दोन मुलींनी कार्डांचा खेळ घ्यायचा. पेटीचं सील मी फोडलं आणि नोंदवहीत तशी सही केली, म्हणजे विचारणा झाली तर मला होईल.

संध्याकाळी नवा पेपर केला. ४३ − १७, ६१ − २८, ५२ − ३६, म्हणजे एककांत पाचाचा फरक कुठेच नाही. शून्यासाठी ७० − २४ वेगळं. तिथे ५० लिहिणारा, ५४ लिहिणारा आणि ५६ लिहिणारा ही तीन वेगळी मुलं असतात. हातचा न लागणारं ५८ − २३ मुद्दाम घातलं, कारण हातचा शिकवून झाला की काही मुलं तो नको तिथेही घेतात. निम्मी गणितं फळ्यावर, निम्मी तोंडी. पुढच्या शिक्षण परिषदेत अनुपालनाचे विषय अर्ध्या तासात उरकून मॅडमनीच ते ढीग सगळ्यांपुढे मांडले. चाळीसेक शिक्षक होते. ३५ ची दुसरी वाट दोघांनाच सापडली. एका ज्येष्ठ गुरुजींनी विचारलं, "हा आधीचा पेपर कुणी काढला होता हो?" मी हात वर केला.

दसऱ्याच्या आधी पुन्हा गेलो. ३६ वाले तिघंही सुधारले होते. ७ वाल्यांपैकी दोघं बेचाळीस नीट लिहीत होते, एकोणसाठला अजून ६९ लिहीत होते. मोळीवाल्या पाचांपैकी तिघांचं वहीत जमलं होतं, एकीचं कधी जमत होतं कधी नाही. पाचवा, मोळी हे नाव देणारा, निघायच्या तयारीत होता. ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. आजीजवळ ठेवा, हंगामी वसतिगृहात जेवेल, असं मॅडमनी घरी जाऊन सांगून पाहिलं होतं. धाकटी बहीण सांभाळायला कोणीतरी हवं होतं.

त्याचं शिक्षण हमी पत्रक भरायचं होतं. जिथे जाईल तिथल्या शाळेने ते पाहून त्याला वर्गात घ्यायचं असतं. मॅडमनी श्रेणी लिहिली, सही-शिक्का केला, आणि खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं : 'वजाबाकी काड्यांनी करतो. दहाच्या जुडीला मोळी म्हणतो. वहीत दशक कमी करायला विसरतो, तेवढं बघावं.'