रोशाचं तेल आणि आमचे सर

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असं मुख्याध्यापकांचं पत्र आलं. शाळेबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. स्नेहसंमेलनं, कबड्डीचे सामने, स्कॉलरशिपचे निकाल यांवर बाकीची मंडळी लिहितीलच. मला लिहायचंय ते फक्त आपल्या विज्ञानाच्या सरांबद्दल. मी आयुष्यभर ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवली, झाडापाल्यातल्या द्रव्यांवर संशोधन केलं, विद्यार्थ्यांना पीएच.डी.पर्यंत नेलं. त्या सगळ्याची सुरुवात नववीच्या वर्गामागच्या प्रयोगशाळेत झाली, आणि ती सरांनी केली.

तेव्हा आपला भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. पावसाळा सरला की सातपुड्याच्या उतारावर रोशा हे सुगंधी गवत फुलायचं. ओढ्याकाठी भट्ट्या लागायच्या. मोठ्या देगीत गवत आणि पाणी, खाली जाळ, देगीच्या तोंडातून निघालेली बांबूची नळी आणि तिच्या टोकाला ओढ्याच्या गार पाण्यात बसवलेलं भांडं. वाफ थंड झाली की पाण्यावर तेलाचा पिवळसर थर तरंगायचा. घरोघरी म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांना ते चोळलं जायचं. याच तेलाचा कधीकाळी केवढा व्यापार होता! पश्चिम खानदेशातलं तेल मुंबईहून जहाजाने तुर्कस्तानाकडे जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. सरांनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा आमच्या डोंगराबद्दल केवढा अभिमान वाटला होता.

एका वर्षी सर नववीच्या वर्गाला भट्टीवर घेऊन गेले. भट्टीवाले बाबा गवताचे दोन वेगळे ढीग लावत होते. एक मोतिया, दुसरा सोफिया. आम्हा पोरांना दोन्ही सारखेच दिसत होते. गवत कोवळं असताना मोतिया आणि जून झालं की सोफिया, असं पुष्कळ जण सांगायचे. बाबा मात्र ठाम होते: ही दोन गवतं जन्मापासूनच वेगळी. सर त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि विद्यार्थ्याने लिहावं तसं सगळं वहीत उतरवून घेतलं. गवत कुठे उगवतं, कधी कापायचं, वास कसा, तेल किती. आमच्यातला एक जण हसला. सर त्याच्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी बाबाले इचार, मंग बाटलीले इचार."

मग बाटलीला विचारायची तयारी सुरू झाली. शाळेत वाफ थंड करायचा कंडेन्सर नव्हता. सरांनी डालड्याच्या मोठ्या डब्याचं झाकण डाग देऊन पक्कं केलं, त्याला तांब्याची वळवलेली नळी जोडली आणि ती नळी पाण्याने भरलेल्या माठातून काढली. खाली सलाईनची काचेची बाटली. खर्च खिशातून. गवत कुठलंही चालायचं नाही. बाबांनी दाखवलेल्या थोंबांना, म्हणजे गवताच्या झुबक्यांना, आम्ही चिंध्या बांधून ठेवल्या होत्या आणि तेच थोंब कोवळे असताना एकदा, फुलोऱ्यावर एकदा आणि वाळायला लागल्यावर एकदा कापले. दर खेपेला वजन, तारीख, कापणाऱ्याचं नाव, तेलाचे थेंब, सगळं निळ्या कापडी पुठ्ठ्याच्या वहीत जायचं. गवताच्या मानाने तेल किती थोडं निघतं ते तेव्हा कळलं. क्विंटलभर गवतामागे जेमतेम अर्धा किलो, एवढाच हिशेब. मोतियाच्या दिवशी आख्खा व्हरांडा गुलाबासारखा दरवळायचा. सोफियाचा वास उग्र, आल्याकडे झुकणारा. आणि मोतिया कितीही जून होऊ दिला तरी त्याचा सोफिया होत नव्हता.

ही दोन वाणं वेगळी आहेत हे वनस्पतिशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवलं होतं, हे मी पुढे वाचलं. सरांना ते माहीत असणार, अशी माझी खात्री आहे. पण त्यांनी ते आम्हाला आधी सांगितलं नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही! मी स्वतः शिक्षक झाल्यावर उत्तर तोंडावर आलेलं असताना गप्प राहणं किती कठीण आहे ते समजलं.

दोन्ही तेलांच्या छोट्या बाटल्या सरांनी लाखेने बंद करून ठेवल्या. मी धुळ्याहून बी.एस्सी. करून पुण्याला एम.एस्सी.ला निघालो तेव्हा त्या माझ्या हातात देऊन म्हणाले, "तिकडे यंत्रं आहेत."

पुढे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, पीएच.डी.साठी दाखल झालो. तिथे टर्पीनांवरच्या, म्हणजे झाडापाल्यातल्या सुवासिक तेलांत सापडणाऱ्या द्रव्यांवरच्या, कामाची मोठी परंपरा होती. रसायनशास्त्रज्ञ सुख देव यांनी गुग्गुळावर केलेलं काम तिथलंच. गॅस क्रोमॅटोग्राफवर मी ते दोन नमुने चालवले. हे यंत्र मिश्रणातले घटक वेगळे करतं आणि प्रत्येक घटकाचं एक शिखर कागदावर काढतं. मोतियाच्या कागदावर एकच उंच शिखर उठलं. ते जेरॅनिऑल, दहा कार्बनचं अल्कोहोल. गुलाबाच्या वासात त्याचा मोठा वाटा असतो. चांगल्या मोतिया तेलात ते पाऊण हिश्श्याहून जास्त असतं. सोफियाच्या कागदावर लिमोनीन, पेरिलिल अल्कोहोल आणि इतर अशी शिखरांची गर्दी. जेरॅनिऑल शुद्ध स्वरूपात पहिल्यांदा वेगळं केलं ते याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये, आणि तेही हिंदुस्थानातून गेलेल्या गवताच्या तेलातून. ते शुद्ध करण्याची जुनी रीत मला आजही फार आवडते. निर्जल कॅल्शियम क्लोराईडबरोबर घोटलं की जेरॅनिऑल त्याला घट्ट धरून बसतं. बाकीचं पेट्रोलियम ईथरने धुऊन काढायचं, मग पाणी घातलं की जेरॅनिऑल मोकळं होऊन वर येतं.

दोन्ही आलेखांच्या प्रती मी सरांना पाठवल्या. उलट टपाली पोस्टकार्ड आलं. सर सायकलवरून भट्टीपर्यंत गेले होते आणि बाबांसमोर कागद पसरून, तुम्ही म्हणत होता ते यंत्रही म्हणतंय, असं सांगून आले होते. माझ्या पुढच्या सगळ्या शोधनिबंधांचं मिळून जेवढं कौतुक झालं, त्याहून ते पोस्टकार्ड मला मोलाचं आहे. माझ्या प्रयोगशाळेत नंतर नियमच झाला: वनस्पती गोळा करायला गेलेल्याने तिची माहिती देणाऱ्या गावकऱ्याचं नाव त्याच्या परवानगीने वहीत लिहायचं आणि निष्कर्ष त्याला जाऊन सांगायचे. करंजाच्या बियांतलं करंजिन असो की पळसाच्या फुलांतला रंग, यात सूट नाही.

आता भट्ट्या जवळजवळ दिसत नाहीत. उतार नांगरले गेले, जेरॅनिऑल कारखान्यात टर्पेंटाईनमधल्या पाईनीनपासून तयार होऊ लागलं. लखनौच्या सीमॅप या औषधी आणि सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने रोशाच्या सुधारित जाती काढल्या आहेत आणि इतर राज्यांत त्याची शेती होते, पण आपल्या डोंगरातला मोतिया कोणी जपून ठेवला आहे का, ही काळजी मला लागून राहिली आहे. मागच्या भेटीत शाळेची नवी इमारत पाहिली. वर्गात मोठा पडदा आहे, त्यावर ऊर्ध्वपातनाचं चलचित्र सुरेख दिसतं. पण प्रयोगशाळेला कुलूप होतं. पडद्यावरून वास येत नाही हो! मला फार वाईट वाटलं आणि ते मी मुख्याध्यापकांना तिथेच बोलून दाखवलं. त्यांनीही मनावर घेतलं.

येत्या दिवाळीच्या सुट्टीआधी मी येतो आहे. तेल काढायचा क्लेव्हेंजरचा काचेचा संच आणि लागणारं सामान माझ्यातर्फे. नववीच्या दोन्ही तुकड्यांना गवत ओळखण्यापासून तेल काढण्यापर्यंत शिकवायचं ठरलं आहे. तळोदा-अक्राणीकडच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या बांधावर मोतिया अजून असेल, तर मुळासकट थोंब राखून ठेवा आणि शाळेच्या कार्यालयात कळवा. निळ्या पुठ्ठ्याची ती वही जुन्या इमारतीतून सामान हलवताना कोणाच्या घरी गेली असेल, तर तीही आणून द्या. आमच्या वर्गातल्या पोरांची नावं आणि बाबांनी सांगितलेलं सगळं तिच्यात आहे. नव्या मुलांना नोंदी तिच्याच पुढच्या पानांवर करू द्याव्यात, असं माझ्या मनात आहे.