दुपारी वाढणारं पाणी

पोळा झाला की आमच्या शिवारात दहा-बारा दिवसांची उसंत मिळते. डवरणी संपलेली, सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या, कापूस वेचणीला अजून वेळ. फवारणीचं धाकट्या भावावर सोपवून मी यंदा हिमाचलात जाऊन आलो. हम्प्ता खिंड, कुल्लूच्या बाजूनं चढून लाहौलमध्ये उतरायचं. आम्ही तिघं, एक तिथला वाटाड्या आणि ज्याचं सामान त्याच्याच पाठीवर.

आई म्हणाली, "कायले जातं बापू तिकडे? आपला चिखलदरा का वाईट हाये?"

चिखलदरा वाईट नाहीच. सारी तयारी तर त्याच्याच जोरावर झाली. मे महिन्यात पहाटे चारला धामणगाव गढीला मोटारसायकल लावायची, सॅकमध्ये बारा किलो हरभरा भरायचा आणि उन्हं तापायच्या आत जमेल तेवढा घाट चढायचा. असे सगळे रविवार काढले. पाय तयार झाले, खांद्यांना पट्ट्यांची सवय झाली. पण चिखलदऱ्याजवळचं आमचं उंच टोक वैराटसुद्धा सुमारे ११७५ मीटर, आणि हम्प्ता ४२७० मीटर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो. पायांची तालीम घाटात होते, विरळ हवेची होत नाही. त्यासाठी वरच जावं लागतं, आणि हळू जावं लागतं.

हे आम्हाला बालू का घेरा इथं कळलं. हा मुक्काम सुमारे ३६०० मीटरवर, दोन्हीकडे कडे आणि मधे रेतीचं रुंद पात्र. आमच्यातला एक जण रोज पाच मैल चालणारा, तिघांत धट्टाकट्टा. संध्याकाळी त्याचं डोकं ठणकायला लागलं, भाकरी समोर आली की मळमळायचं. वाटाड्यानं त्याला दर थोड्या वेळानं पाणी पाजलं आणि दुसऱ्या दिवशी कुणीच वर जायचं नाही असं सांगून टाकलं. दुखणं वाढलं तर औषध एकच, खाली उतरणं. वाढलं नाही. एक दिवस बसून काढला. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये म्हणतात, ते मी नुसतं वाचलं होतं. त्या रिकाम्या दिवशी ते पटलं.

त्याच दिवशी घरची तुरीची डाळ शिजवायला घेतली. पाऊण तास झाला तरी दाणा कडकच! तेवढ्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळीला पुरेशी धग मिळत नाही. शेवटी वाटाड्याचा कुकर कामी आला. आईनं दिलेली जवसाची चटणी मात्र कुठेही कमी पडली नाही. वजनाला हलकी, खराब होत नाही, थंडीत अंगी लागते. कुणी अशा वाटेला निघालं तर मी आधी तिचंच नाव घेईन.

दुपारी खिंडीकडून गद्दी मेंढपाळ उतरले. उन्हाळ्यात मेंढरं लाहौलच्या कुरणांवर नेतात आणि थंडीच्या आधी परत आणतात. आमच्याकडे धनगर वावरात मेंढरं बसवतात, लेंडीखत मिळतं म्हणून आम्ही त्यांना धान्य देतो. एकाला विचारलं, तुमच्याकडेही बसवतात का? तो म्हणाला, खाली गेल्यावर हो, शेतवाले बोलावतात. मग आम्ही बराच वेळ लेंडीखतावरच बोललो.

खिंडीवर पोचलो ती सकाळ मी विसरणार नाही. मागे हिरवं कुल्लू, ढगांनी भरलेलं. पुढे लाहौल, तांबूस, उघडं, झाडाचं नाव नाही. आम्ही ज्याची जूनभर वाट पाहतो तोच मोसमी पाऊस इथं पीर पंजाल डोंगररांगेच्या भिंतीला अडतो आणि पलीकडे फार थोडा जातो. कोरडवाहू शेतकऱ्याला ती भिंत बघून काय वाटतं ते नीट सांगता येत नाही. मी तिथं दगडावर बसून राहिलो. वाटाड्यानं दोनदा हाक मारली.

पलीकडे शिया गोरूच्या मुक्कामाला उतरलो तेव्हा तीन वाजले होते. वाटेवरचा प्रवाह पार करायचा होता. पाणी गढूळ, आतून दगड गडगडल्याचा आवाज. पलीकडची जागा सपाट दिसत होती, म्हणून मी म्हणालो आत्ताच जाऊ. वाटाड्या म्हणाला, "अभी नहीं. सुबह."

आमच्या नाल्याला पूर येतो तो डोंगरात पाऊस झाला म्हणून. आभाळ बघून अंदाज येतो, थांबलं की दोन-तीन तासांत ओसरतो. इथं आभाळ निरभ्र आणि पाणी चढलेलं. दिवसभर ऊन बर्फावर पडतं, वितळलेलं पाणी दुपारनंतर खाली पोचतं. रात्री वर गोठतं आणि पहाटे प्रवाह उतरतो. तंबूत पडल्यापडल्या मी तो आवाज ऐकत होतो. दहाला मोठा, दोनला कमी, पाचला नुसती खळखळ.

सहाला उतरलो. दगड दिसत होते. सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला, कारण पडलो तर ओझं झटकून मोकळं होता आलं पाहिजे. पायात सँडल, अनवाणी नाही. तोंड प्रवाहाकडे, एकमेकांचे हात घट्ट. पाणी गुडघ्याला लागलं आणि घोट्याखाली काही उरलंच नाही असं वाटलं. पंधरा-वीस पावलं असतील. पलीकडे पोचल्यावर कुणी बोललं नाही, आधी पाय चोळले.

छत्रूला चंद्रा नदी भेटली. ही पुढे तांदीला भागेला मिळते, आणि तिथून तिचं नाव चंद्रभागा. आणखी खाली लोक तिला चिनाब म्हणतात. आमच्या गावाजवळून वाहते तीही चंद्रभागा, आणि आई दर आषाढीला जिच्यात उभी राहते तीही. मी बाटली भरून घेतली.

घरी आईनं ती देव्हाऱ्यात ठेवली. गाळ खाली बसायला दोन दिवस लागले. ती रोज सकाळी बाटली उचलून बघायची आणि विचारायची, "अजून किती बसते रे हे?"