फर्ग्युसनचा नांगर घुसंना झाला

मार्च संपत आला की आमच्या वर्कशॉपला उसंत नसते. ऊस तुटून रानं मोकळी होतात, मग रोटाव्हेटरची पाती, ट्रॉलीचे हुक, पलटी नांगराचे फाळ असं सगळं एकदमच दारात येऊन पडतं आणि प्रत्येकाला ते आजच पाहिजे असतं. अशा गर्दीत एका सकाळी एक राखाडी रंगाचा बुटका ट्रॅक्टर फटफटत आत आला आणि पोरांनी हातातली कामं टाकून त्याच्याभोवती कोंडाळं केलं. फर्ग्युसन टीई-20. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला 1946 ते 1956 या काळात बनलेली गाडी, आमच्या पलूसच्या बाजूला चालू अवस्थेत मी तरी दुसरी बघितलेली नाही. मागं तिचाच दोन फाळी नांगर, 10 इंचाचं एकेक तास, म्हणजे नांगराची चरी, पाडणारा.

मालक सत्तरीचे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांच्या वडिलांनी कुठल्याशा मळ्याच्या लिलावात ही जोडी घेतलेली. आप्पा उतरले आणि सरळ म्हणाले, "मिस्त्री, लिफ्ट खोलून झाली, पंपाचं काम करून झालं, पैसं गेलं, तरी नांगर काय घुसंना. वरवर खरवडत जातोय निस्ता."

म्हणलं कुणी खोलली लिफ्ट, तर एका गॅरेजवाल्यानं. आता हे ऐकूनच माझं डोकं जरा फिरलं, कारण या गाडीची लिफ्ट, म्हणजे तेलाच्या जोरावर नांगर उचलणारी यंत्रणा, फक्त उचलते, खाली ढकलत नाही. तिच्यात एकाच बाजूनं तेलाचं प्रेशर आहे. लिव्हर खाली केला की तेल सुटतं, हात सैल पडतात आणि नांगर स्वतःच्या वजनानं आणि फाळाच्या ओढीनं जमिनीत जातो. म्हणजे नांगर उचलला जात नाही ही तक्रार असेल तर पंप बघायचा, नांगर घुसत नाही याला पंपाचा काय संबंध? तरी खात्री केली. लिव्हर पूर्ण खाली करून लिफ्टचे हात हलवून बघितले, मोकळे, खुळखुळ हलत होते. लिफ्टला काहीच झालेलं नव्हतं.

मग नांगराकडं बघितलं. टॉप लिंक, म्हणजे नांगर वरनं ट्रॅक्टरला जोडणारी आट्यांची दांडी, आवळून आवळून शेवटच्या आट्यापर्यंत आणलेली आणि नांगराच्या दांड्यावर तारेनं वाळूची दोन पोती बांधलेली. आप्पा म्हणाले, गेल्या साली तर नातवाला वर बसवून नांगरलं. त्यावर मी त्यांना जे बोललो ते इथं लिहीत नाही, पण चालत्या नांगरावर माणूस बसवणं म्हणजे पोराचा पाय घालवायचा धंदा आहे, कुणी करत असाल तर आजच बंद करा.

टॉप लिंक आखडली की नांगराचं नाक खाली होतं, म्हणून लोक तेच करतात. पण त्यानं नांगराची मागची टाच वर उचलते, पुढचा फाळ खोल जातो, मागचा उथळ राहतो. आप्पांना विचारलं, एक तास खोल आणि एक वर असं पडतंय का? ते बघतच राहिले, म्हणाले, तुम्ही रानात येऊन गेला काय?

नांगर सोडवला, फरशीवर सपाट ठेवला, आमची मोठी लोखंडी पट्टी फाळाच्या टोकापासनं मागच्या टाचेपर्यंत लावली. चांगल्या नांगरात टोक आणि टाच टेकतात आणि मधे थोडी पोकळी राहते, साधारण 3 ते 5 मिलिमीटर. तेवढीच. त्या पोकळीमुळं फाळाचं टोक किंचित खाली झुकलेलं असतं आणि नांगर पुढं ओढला की तो खाली खेचला जातो, सगळा खेळ या 3 ते 5 मिलिमीटरचा. आप्पांच्या नांगराला पोकळी शून्य. उलट टोक घासून घासून गोल झालेलं आणि जमिनीपासनं वर उचललेलं, म्हणजे नांगर चालताना नाक वर करून चालणार, मग वर दोन पोती ठेवा नाहीतर चार. धार मात्र आप्पांनी दरवर्षी ग्राइंडरनं लावलेली, अगदी लखलखीत. आमच्याकडं हीच गैरसमजूत आहे, फाळाला धार लावली की काम झालं. धारेनं माती कापली जाते, पण नांगर खाली नेते ती पोकळी, आणि दरवर्षी घासून घासून तीच खाल्ली जाते.

फाळ काढायला गेलो तर बोल्टांची डोकी झिजून फाळाच्या बरोबरीला आलेली, नट फिरवला की बोल्टही सोबत फिरतो. गॅसनं कापायचं म्हणलं तर मागच्या ओतीव भागाला गरम-गार होऊन तडा जायची भीती. शेवटी छिन्नीनं नट उभे फोडून काढले. त्यात अख्खी दुपार गेली. वेल्डिंगनं टोक भरून देऊ असं आमच्या पोराचं मत होतं, मी आधी ग्राइंडर टेकवून ठिणगी बघितली. आखूड, लालसर, मरगळलेली ठिणगी म्हणजे बीड, ओतीव लोखंड. पोलाद असतं तर लांब पांढरी ठिणगी उडाली असती. एक फाळ कडेला तडकलेलाच होता, तो तुकडा घणानं पाडला आणि तुटलेली कड उन्हात धरली तर खालचा थर पांढरा चकचकीत आणि वरचा करडा.

ते बघून मला लय भारी वाटलं. इंग्लंडात इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समनं 1803 मध्ये याचंच पेटंट घेतलं होतं. बीड ओतताना फाळाची खालची बाजू थंड साच्याला टेकवायची, ती झटकन गार होऊन कडक होते, वरची बाजू सावकाश गार होऊन मऊ राहते. मातीत चालताना वरची लवकर झिजते, खालची टिकते, त्यामुळं धार आपोआप निघत राहते. दोनशे वर्षांपूर्वीची आयडिया आणि माझ्या हातात तिचा तुकडा. पण हे पांढरं बीड वेल्डिंगला धरत नाही, शेजारनंच तडकतं, म्हणून भरायचा विषय तिथंच संपला.

नवीन फाळ परदेशातनं मागवायचे म्हणजे पोस्टेजच वस्तूपेक्षा जड, आणि येणार कधी, पावसाळ्यात. म्हणून ठरलं की ट्रकच्या कमानपाट्यातनं, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यातनं, करायचे. तर आप्पा अडून बसले. म्हणे इंग्लंडचा नांगर आहे, त्याला भंगारातलं लोखंड लावायचं नाही. आमच्याकडं नाना आहेत, भात्यावरचं काम तेच बघतात, बापजाद्यांपासनं लोहारकी. ते म्हणाले, "आप्पा, इथनं किर्लोस्करवाडी किती लांब हाय? लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर काढला तवा बी लोक म्हणत हुते लोखंडानं जमीन नासंल." आणि ते खरंच आहे, लक्ष्मणराव किर्लोस्करांची 1903 सालची गोष्ट, पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली होती. नंतर 1910 ला कारखाना कुंडल रोडच्या माळावर आला, औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या जागेत, तीच किर्लोस्करवाडी. आप्पांना हे माहीत असणारच, पण नानांनी सुनावल्यावर गप्प बसले.

खरी अडचण वेगळीच होती. माप कशाचं घ्यायचं? झिजलेल्या फाळावरनं नवीन फाळ कापला तर झीज पण कॉपी होणार. यावर आप्पांनाच आठवलं की गोठ्याच्या दाराला अडण म्हणून एक जुना फाळ पडलाय, बोल्टाच्या भोकाजवळ तडकला म्हणून वडिलांनी काढून टाकलेला. नातू मोटारसायकलवर जाऊन घेऊन आला. शेण-माती खरवडल्यावर आतनं जवळजवळ कोरा फाळ निघाला, टोक शाबूत, खालचा बाक शाबूत. त्याच्यावरनं पुठ्ठ्याचे आणि पत्र्याचे साचे कापले.

कमानपाटा जसाच्या तसा ड्रिल होत नाही, बिट जळतं. म्हणून तुकडे लालबुंद करून रात्रभर राखेत पुरले, सावकाश गार होऊन मऊ पडतात. सकाळी भोकं पाडली आणि कानशीनं चौकोनी केली, कारण नांगराच्या बोल्टाची मान चौकोनी असते, ती भोकात अडकली की बोल्ट फिरत नाही. डोकी खोल बसतील अशी भोकाची कड पण उतरवली. काळ्या रानात बोल्टाचं डोकं जरा जरी वर राहिलं तरी तिथं माती धरते आणि बघता बघता अख्ख्या पंख्यावर, म्हणजे माती पलटणाऱ्या वाकड्या पत्र्यावर, गोळा चढतो. अमेरिकेत जॉन डिअरनं 1837 मध्ये करवतीच्या पोलादाचा नांगर केला तो याच चिकट मातीच्या त्रासापायी. आप्पांचे पंखे पण गंजून खरखरीत झालेले, ते बफ मारून आरशागत केले.

आता कडक कसं करायचं यावर माझी आणि नानांची जुंपली. माझं म्हणणं, धारेच्या खालच्या अंगाला हार्ड फेसिंगच्या, म्हणजे कडक धातूच्या, रॉडचा पातळ थर द्यायचा, रॅन्समचीच आयडिया, फक्त साच्याऐवजी वेल्डिंगनं. नानांचं म्हणणं, रॉडबिड काही नको, पाणी देणार, म्हणजे तापवून तेलात बुडवणार. दोन फाळ होते, मग एक माझ्या पद्धतीनं केला आणि एक त्यांच्या. माझा आधी गरम करून घेतला, थर दिला आणि परत राखेत ठेवला. नानांनी शटर अर्धं खाली ओढलं, अंधारात रंग नीट दिसतो म्हणून, टोक लाल झाल्यावर लोहचुंबक लावून बघितला, चिकटायचा बंद झाल्यावर फाळ जुन्या गिअर ऑइलमध्ये खुपसला. नुसता धूर झाला वर्कशॉपभर. मग टोक घासून उजळलं, मागनं परत ऊब दिली आणि निळसर रंग टोकाकडं सरकत आल्यावर थांबवलं. मॅग्नेटची युक्ती आयटीआयत मला कुणी शिकवली नव्हती.

बसवताना आप्पांनी टूलबॉक्समधनं फर्ग्युसनचा मूळ पाना काढला. त्या पान्यावर इंचाच्या खुणा आहेत, नांगराची मापं त्यानंच घ्यायची, वेगळी टेप नको. त्याच पान्यानं दांड्यापासनं दोन्ही फाळांच्या टोकांची उंची जुळवली. खाली पट्टी लावली, पोकळी 4 मिलिमीटर. टॉप लिंक लांबवून नांगर फरशीला समांतर केला आणि पोती सोडून फेकली.

संध्याकाळी आप्पांच्याच खोडव्याच्या रानात गेलो. पहिल्याच ओढीला नांगर एवढ्या जोरात गेला की आप्पांनी घाबरून लिव्हर वर खेचला, सवयच नव्हती त्यांना. मग हळूहळू खोली ठरवली. बांधाच्या कडेला गाड्यांनी दाबलेली कडक पट्टी होती, तिथं नांगर आपोआप बोटभर वर आला आणि मऊ माती लागल्यावर परत खाली गेला. हीच हॅरी फर्ग्युसनची करामत, नांगरावर जोर वाढला की टॉप लिंक पुढं रेटते, तिच्यामागची स्प्रिंग दबते आणि लिफ्ट तेवढ्यापुरती उचलते. वरवर खरवडणाऱ्या नांगराला ही गोष्ट करताच येत नाही, त्यामुळं आप्पांनी ती कित्येक वर्षांत बघितलीच नसावी. उतरून तासात पाय घालून खोली बघितली आणि म्हणाले, "वडिलांच्या टायमाला असंच पडायचं." मग बिलात मात्र घासाघीस केलीच.

हंगाम संपल्यावर नांगर परत आला, टाचेची पट्टी बदलायला. फाळ काढून साच्यावर ठेवले. माझा पुढं लावलेला, त्याची धार चांगली होती पण दगडाला लागून थराचे दोन-तीन टवके उडालेले. नानांचा मागं लावलेला, तो जास्त झिजलेला पण एकसारखा, कुठं टवका नाही. मी म्हणलं, बघा, झिजला. नाना म्हणाले, मागच्याला जास्त काम असतंय, आता अदलाबदल करून लावा, मग बोला. तसेच लावून दिलेत.