आधी ट्रान्सम, मग रंग: मुलाबरोबर जुनी मोटरबोट पुन्हा उभी करताना

जुन्या फायबरग्लासच्या बोटीत किती जीव उरलाय हे तिच्या मागच्या उभ्या भिंतीवरून कळतं. या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. बाहेरच्या बाजूला लावायचं इंजिन तिच्यावरच टांगलेलं असतं आणि इंजिनाचा सगळा रेटा तिच्यातूनच बोटीला मिळतो. आतून-बाहेरून फायबरग्लासचा थर आणि मध्ये प्लायवूड, अशी तिची बांधणी. वरून चकचकीत दिसणाऱ्या बोटीतसुद्धा मधलं प्लाय पार कुजलेलं असू शकतं.

म्हणून मी आणि माझा १५ वर्षांचा मुलगा बोट बघायला गेलो ते प्लास्टिकची हातोडी आणि खडू घेऊनच. भक्कम जागी ठोकलं की टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. मुलानं सगळी भिंत वीत-वीत ठोकून काढली आणि बद्द आवाजाच्या जागा खडूनं आखल्या. खुणा उमटल्या त्या नेमक्या इंजिनाच्या बोल्टांभोवती आणि पाणी काढायच्या बुचाभोवती. "आई, जिथे भोक आहे तिथेच कुजलंय," तो म्हणाला. कुजण्याचं कारण त्यानं पाचच मिनिटांत पकडलं होतं. भोक पाडताना आतल्या लाकडाच्या कडा कुणी बंद केल्या नव्हत्या, आणि वर्षानुवर्षं पाणी तिथून आत झिरपत राहिलं.

तरीही ती बोट घेतली, कारण तळ सलग होता, तळाला आधार देणाऱ्या आतल्या लांब पट्ट्या ठोकून पाहिल्यावर घट्ट निघाल्या आणि इंजिन हातानं मोकळं फिरत होतं. ट्रान्सम बदलता येतो. तळ आणि पट्ट्याही गेलेल्या असत्या तर मी बोट तिथेच सोडली असती.

कामाची वाटणी पहिल्याच दिवशी केली. बोटीचा सांगाडा माझा, इंजिन पूर्णपणे त्याचं. काय उघडायचं, कुठला भाग नवा घ्यायचा, कुणाला विचारायचं, सगळं त्यानं ठरवायचं. तिथे मी हाताखाली. या वयाच्या मुलाला नुसतं "पाना दे, दिवा धर" एवढंच दिलं तर तो कंटाळणारच, आणि त्यात त्याची काही चूक नाही. ज्या कामाचा निकाल त्याच्या नावावर लागणार, त्यासाठी तो रात्री जागून मॅन्युअल वाचतो, हे मी पाहिलंय.

ट्रान्समनं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. इंजिन उतरवलं, आतला फायबरग्लासचा थर कापून काढला, बाहेरचा तसाच ठेवला. मधलं ओलं प्लाय छिन्नीनं खरवडलं तर भुसा निघाला. ग्राइंडर चालवताना काचेची बारीक धूळ उडते. पूर्ण बाह्यांचे कपडे, गॉगल, हातमोजे आणि धूळ व रेझिनच्या (फायबरग्लासचे थर चिकटवणाऱ्या रसायनाच्या) वाफा दोन्ही अडवणारा मास्क असल्याशिवाय दोघांपैकी कुणीही आत जायचं नाही, हा नियम मी एकदाही मोडू दिला नाही.

पुठ्ठ्यावर साचा कापून त्यावरून मरीन प्लायचे (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचे) दोन तुकडे काढले, एकमेकांना चिकटवले आणि शिकंज्यांनी आवळून भिंतीला बसवले. रेझिन कुठलं यावर आमचा बराच खल झाला. पॉलिएस्टर स्वस्त पडतं, पण जुन्या, पूर्ण सुकलेल्या फायबरग्लासवर इपॉक्सीची पकड जास्त चांगली. एक अडचण अशी, की इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट, म्हणजे बोटीचा सगळ्यात वरचा गुळगुळीत थर, नीट चिकटत नाही. तेव्हा इपॉक्सी आणि वरून जेलकोटऐवजी रंग, असं ठरलं.

इपॉक्सीत हार्डनरचं, म्हणजे ते घट्ट करणाऱ्या दुसऱ्या घटकाचं, प्रमाण ठरलेलं असतं. लवकर सुकावं म्हणून जास्त घातलं तर ते लवकर सुकत तर नाहीच, उलट मऊ राहतं. कालवल्यावर ते तापतं, आणि भांड्यात ढीग करून ठेवलं तर धूर निघण्याइतकं तापू शकतं, म्हणून पसरट ट्रेमध्ये थोडं थोडं घ्यायचं. मुलगा वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजायचा, मी ब्रशनं लावायची. बऱ्याच प्रकारच्या इपॉक्सीवर सुकल्यानंतर मेणचट थर येतो. तो पाण्यानं घासून धुतल्याशिवाय वरचा थर धरत नाही. नव्या-जुन्याचा सांधा एकदम तोडलेला ठेवायचा नसतो, त्याला लांब उतार द्यायचा असतो. आम्ही १२ ला १ धरला, म्हणजे ५ मिमी जाडीला ६० मिमी उतार.

भोकांची वेळ आली तेव्हा मुलानं हट्ट धरला, आणि तो बरोबर होता. आधी मोठं भोक पाडायचं, ते इपॉक्सीनं पूर्ण भरायचं, सुकलं की त्यातून बोल्टच्या मापाचं भोक घ्यायचं. म्हणजे लाकूड बोल्टपर्यंत उघडं राहतच नाही. पहिल्या दिवशी खडूनं दाखवलेलं दुखणं त्यानं स्वतःच कायमचं बंद केलं.

रंग आणि बैठका यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पॉलिश पेपर, कष्ट आणि पुन्हा पॉलिश पेपर.

इंजिन दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. मुलानं पैसे खर्च करण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, तपासलं. दोन्ही आकड्यांत १० टक्क्यांच्या आतच फरक आला, म्हणजे आतून इंजिन धडधाकट. मग कार्बोरेटर उघडला. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पेट्रोलचा डिंकासारखा थर त्याच्या बारीक छिद्रांत बसला होता. इंधनाच्या नळ्या कडक होऊन चिरल्या होत्या, त्या सरळ बदलल्या. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर बाहेर आला तो पाती एका बाजूला कायमची वाकलेला. हा पंपच पाणी ओढून इंजिन थंड ठेवतो, म्हणून पाण्याशिवाय इंजिन काही सेकंदही चालवायचं नाही. इम्पेलर लगेच जळतो. आम्ही पिंपात पाणी भरून इंजिनाचा खालचा भाग त्यात बुडवला आणि मगच दोरी ओढली.

गिअर ऑइल काढलं तर ते दुधाळ होतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. त्यानं सील बदलले आणि नवं ऑइल खालच्या भोकातून वर चढवत भरलं, वरच्या भोकातून ऑइल येईपर्यंत, म्हणजे हवा अडकत नाही. पेट्रोलमध्ये ऑइलचं मिश्रण मॅन्युअलप्रमाणे ५० ला १, एका लिटरला २० मिली. डब्यावर त्यानं हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं.

इंजिन सुरू झालं आणि मागून पाण्याची बारीक धार पडायला लागली, तेव्हा त्यानं मला ओढत नेऊन ती दाखवली. थंड करणारं पाणी फिरतंय याची ती खूण. मी मनापासून टाळ्या वाजवल्या.

पाण्यात उतरवण्याआधीची यादी त्याचीच: बूच घट्ट, लाइफ जॅकेट अंगावर, अग्निशामक हाताशी, बॅटरीच्या तारेवर फ्यूज, आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला कट-ऑफ दोरी, म्हणजे माणूस पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद. पहिली फेरी काठालगत, हळू. परत आल्यावर आम्ही दोघं वाकून ट्रान्समच्या आतल्या बाजूला हात फिरवत होतो. कोरडा होता. थोड्या फेऱ्यांनंतर त्यानं गिअर ऑइलचे चार थेंब काढून पाहिले, स्वच्छ निघाले.

स्टीअरिंगची केबल अजून जड फिरते आणि पुढच्या डेकखालचा एक तुकडा ठोकल्यावर बद्द वाजतो. ते काम पुढच्या सुट्टीत. या वेळी ग्राइंडर आणि इपॉक्सी त्याच्याकडे असेल, आणि इंजिनाची वार्षिक तपासणी मी त्याच्याकडून शिकणार आहे.