उठता येईल अशी खुर्ची

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अप्पांना घरातलं काहीच बसायला चालेना. सोफ्यात बसले की उठवायला दोघं लागायची. बाजारातल्या आरामखुर्च्या बघितल्या, सगळ्या मऊ आणि बुटक्या. शेवटी मी म्हटलं, मीच काढते डिझाइन. सांगलीजवळच्या कुपवाडमधल्या एका कारखान्यात मी दिवसभर व्हॉल्व्हची ड्रॉइंग काढते. खुर्चीला तर मोजून चार पाय, त्यात काय!

लाकूड घरचंच होतं. २०१९ च्या पुरात आमचा गावभागातला वाडा खचला, तो उतरवताना निघालेल्या सागवानी तुळया चुलत्यांच्या गोठ्यात पडून होत्या. मिस्त्रींनी रंधा मारून बघितला आणि म्हणाले, "ताई, हे आता हलायचं नाही. जे वाळायचं ते आजोबांच्या काळातच वाळलंय." फक्त आतले खिळे शोधून उपसण्यात एक पूर्ण दिवस गेला.

माझ्या डोक्यात तेव्हा अमेरिकन डिझायनर ईम्स दांपत्याची १९५६ ची ती प्रसिद्ध लाउंज चेअर होती. वाकवलेलं प्लायवूड, चामड्याच्या गाद्या, मागे झुकलेली बैठक. तिचा १५ अंशांचा उतार मी जसाच्या तसा उचलला. १९ इंच खोलीच्या बैठकीला १५ अंश म्हणजे मागे जवळजवळ पाच इंचांचा खड्डा, हा हिशेब कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढताना, सुचलाच नाही. स्क्रीनवर खुर्ची फार देखणी दिसत होती.

मिस्त्रींनी कागद उलटासुलटा करून बघितला. "बसतील झकास. उठवणार कोण?"

मग टेप घेऊन अप्पांनाच मोजलं. गुडघ्यामागच्या खोलगट भागापासून जमिनीपर्यंत १७ इंच. आमचा सोफा १६ इंचांचा, त्यात फोम दोन इंच दबतो. म्हणजे बिचारे १४ इंचांवरून उठत होते. अंगणात विटा रचून वर प्लायचा तुकडा टाकला, पाठीला एक फळी वेगवेगळ्या कोनांत टेकवली आणि प्रत्येक कोनावर अप्पांना पेपर वाचायला बसवलं. ९५ अंशांवर ते पुढे घसरत राहिले. ११५ वर पेपर तोंडावर घेऊन घोरायला लागले. १०५ वर अग्रलेखासकट अख्खा पेपर वाचून झाला, तेव्हा १०५ पक्का केला. बैठकीला मागे एकच इंच उतार ठेवला.

सागवानाला हात लावायच्या आधी कारखान्यातल्या पॅकिंगच्या पाइन फळ्यांची एक कच्ची खुर्ची ठोकली. माप बरोबर, कोन बरोबर, तरी अप्पा उठताना अडखळत होते. मी मोबाइलवर त्यांचं उठणं शूट केलं आणि स्लो मोशनमध्ये दहा वेळा बघितलं. ते आधी टाचा मागे, बैठकीखाली घेतात, आणि टाच नेमकी पुढच्या दोन पायांमधल्या आडव्या पट्टीला अडते. ही पट्टी मी मजबुतीसाठी टाकली होती. मिस्त्रींनी ती काढून मागे सरकवली आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना इंग्रजी एच अक्षरासारखी जोडली. कुसू, म्हणजे खाचेत बसणारं पट्टीचं टोक, घट्ट बसवलं की मजबुती तेवढीच राहते.

दुसरी गोची खुर्चीच्या हातांची. उठताना माणूस खुर्चीच्या हाताच्या पुढच्या टोकावर भार देतो, म्हणून मी हे हात बैठकीच्या दोन इंच पुढे काढले. अप्पांनी टोकावर जोर दिला आणि मागचे पाय जमिनीवरून उचलले गेले! भार पुढच्या पायांच्या पलीकडे पडत होता. मग ते पायही पुढे तिरके झुकवले, थेट हाताच्या टोकाखाली येतील असे. लोक म्हणतात, काय मॉडर्न लूक आलाय. लूक कसला, अप्पा तोंडावर पडू नयेत म्हणून केलेली ती सोय आहे.

हाताची टोकं अप्पांच्या मुठीत बसतील अशी गोल करायला मिस्त्रींनी रंधा, कानस आणि मग पॉलिशपेपर अशी सगळी दुपार घातली. दर थोड्या वेळानं अप्पांना बोलावून मूठ धरायला लावायचे. "अजून दोन सूत काढा," अप्पा ऐटीत सांगायचे. बैठकीला नवार विणली, वर तीन इंचांचा कडक फोम. दबल्यावर १७ इंच उरतील असा.

पॉलिश मात्र मला मिरजेच्या सतारींसारखं लाखेचंच हवं होतं, कापडाच्या बोळ्यानं घासून घासून चढवलेलं. तसं केलंही. पहिल्याच संध्याकाळी अप्पांनी उजव्या हातावर गरम चहाचा कप ठेवला आणि पांढरी गोल खूण उमटली. लाखेला उष्णता सोसत नाही, हे मला माहीत होतं. अप्पांना कप ठेवायला तीच जागा सोयीची वाटणार, हे सुचलं नव्हतं. दोन्ही हात घासून त्यांना जवसाचं तेल दिलं. बाकीची खुर्ची चमकते, हात मंद दिसतात.

परवा अप्पा देवळात गेलेले बघून आई हळूच त्या खुर्चीत बसली. तिचे पाय जमिनीपासून वर लोंबकळत होते. टेप आणला, तिचं माप साडेचौदा इंच निघालं. मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "दीड तुळई अजून शिल्लक हाय, ताई. विटा तेवढ्या मांडून ठेवा."